मेहुण्याची मीटिंग

३ सप्टेंबर, बुधवार

प्लास्टरच्या कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला दिलेली ही डायरी खणात कोरी पडून होती. आज काढली, कारण एक काम अंगावर घेतलंय आणि त्याची नोंद असलेली बरी. उद्या कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने हातपायच हलवले नाहीत.

दुपारी जेवायच्या आधी मुलीचा फोन आला. "बाबा, दारू सोडायच्या मीटिंगा असतात म्हणे. पैसेबिसे काही घेत नाहीत. तुमच्या भागातही असेल एखादी, शोधा ना. मामाला घेऊन जा. आणि तुम्हीही बसा तिथे." म्हटलं, शोधतो. "नक्की?" म्हटलं, अगं, तुझ्या बापाने आजवर कुठलं काम अर्धवट सोडलंय? 

तिचा मामा म्हणजे माझा मेहुणा. बायको गेली तेव्हा महिनाभर सोबतीला म्हणून आला, तो राहिलाच. लिफ्ट दुरुस्त करायचं काम. तोंडाला वास आला म्हणून कंपनीने घरी बसवलंय. मी दातांच्या कवळ्या करतो, घराच्याच पुढच्या खोलीत. डॉक्टर लोक मापं पाठवतात, मी प्लास्टरचे साचे ओततो, मेणात दात लावतो, कवळी शिजवतो, घासतो, चकचकीत करून परत पाठवतो. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशी कितीतरी माणसं माझ्या दातांनी हसतात.

खरं दुखणं भिंगरीचं आहे. भिंगरी माझी नात, सहा वर्षांची. शाळा सुटली की माझ्याकडे यायची, आई ऑफिसातून येईपर्यंत. उरलेल्या मेणाचे ससे करायची आणि सशांना माणसांचे दात लावायची. जुलै महिन्यात मुलीने ते एकदम बंद केलं. म्हणाली, ऑफिसजवळ पाळणाघर मिळालंय, ते सोयीचं पडतं. सोयीचं कसलं डोंबलाचं! घरात दारुडा मामा असताना कोण आपली पोर ठेवेल? ती बोलून दाखवत नाही, पण मला काय कळत नाही? तेव्हा मेहुणा सुधारला पाहिजे. तो सुधारला की भिंगरी परत येईल. हिशेब सरळ आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

औषधाच्या दुकानात विचारलं. मुद्दाम गर्दी कमी बघून गेलो आणि हळू आवाजात विचारलं. दुकानदाराचा आवाज म्हणजे लाउडस्पीकर. "दारू सोडायची मीटिंग? तुमच्यासाठी?" म्हटलं, मेहुण्यासाठी. "हो हो, सगळे मेहुण्यासाठीच विचारतात." मागे उभी असलेली बाई खोकल्याचं औषध न घेताच हसायला लागली. उद्धट माणूस आहे. नंबर मात्र दिला.

फोनवर कोणी पुरुष होता. म्हणाला, नाव सांगायची गरज नाही. मला ते आवडलं नाही. नाव न सांगता कसली ओळख? म्हटलं, मेहुण्यासाठी विचारतोय. म्हणाला, "बरं. दोघंही या." जो तो मला सोबत ओढायला बघतोय. वाचनालयाच्या मागच्या बाजूला, पहिला मजला, दर गुरुवारी संध्याकाळी.

काम झालं म्हणून संध्याकाळी जरा लवकरच बसलो. दिवसभर भिंगातून दात बघितले की डोळे आणि मान धरून येते. थोडी घेतली की सुटते. बाटली मी प्लास्टरच्या पोत्यामागे ठेवतो. घरात मेहुणा आहे, त्याच्या नजरेला पडली तर संपलंच.

११ सप्टेंबर, गुरुवार

आधी एकटाच जाऊन जागा पाहून यावी म्हटलं. मेहुण्याला नेलं आणि दारच सापडलं नाही तर तो तिथूनच पळ काढेल.

पाटी नाही, बाण नाही, काही नाही. तळमजल्यावर एका हॉलमध्ये दिवे दिसले, माणसं तावातावाने बोलत होती. वाटलं, हीच. दारूशिवाय माणसं इतकी भांडत नाहीत. मागच्या खुर्चीवर बसलो. बराच वेळ एक गृहस्थ दुसऱ्याला त्याची गाडी कुठे लावावी ते सांगत होता. मग एका बाईंनी मला विचारलं, "तुमचा फ्लॅट कुठला?" म्हटलं, मी मेहुण्यासाठी आलोय. "मेहुण्याचा फ्लॅट कुठला?" तेव्हा कळलं की ही कुठल्यातरी बिल्डिंगची मीटिंग आहे. निघता निघता त्यांनी एका कागदावर माझी सहीही घेतली. मी कशाच्या बाजूने आहे, देव जाणे.

मग जिना सापडला. वर एक लांबट पॅसेज, दोन्ही बाजूंना एकेक दार, दोन्ही बंद. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. दारुड्यांना हसायला काय झालंय?

१८ सप्टेंबर, गुरुवार

मेहुण्याला नेलं. वाटलं होतं हातापाया पडावं लागेल. पण हा माझ्या आधी तयार. दाढी केलेली, भांग पाडलेला, खांद्याला पिशवी, दारात उभा. मी म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे बरोबर. म्हणाला, "भावोजी, मी नाही घाबरत." म्हटलं, बरं झालं.

निघण्यापूर्वी मी थोडी घेतली होती. अशा ठिकाणी लोकांची रडगाणी ऐकायची म्हणजे मन घट्ट लागतं.

पॅसेजमध्ये एक माणूस टेबल मांडून चहा देत होता. रंगारी असावा, नखांत निळा रंग होता. त्याने विचारलं, "स्वतःसाठी की घरच्यांसाठी?" मेहुणा म्हणाला, स्वतःसाठी. मी म्हटलं, घरच्यांसाठी. रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. मेहुणा छताकडे बघत बसला. लिफ्टवाल्यांना वर बघायची सवयच असते. पिणारे उजवीकडच्या खोलीत, त्यांची माणसं डावीकडच्या. मी डावीकडे गेलो.

आत बहुतेक बायकाच. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, एकीचा मुलगा. एक निवृत्त नर्सबाई सगळं चालवतात. नियम विचित्र आहेत. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. पिणाऱ्याबद्दल बोलायचं नाही, आपल्याबद्दल बोलायचं. बोलणाऱ्याचं संपलं की सगळ्यांनी एकदम "ऐकलं" म्हणायचं. बस्स, एवढंच. एक चपलांच्या दुकानाची मालकीण बोलली. नवऱ्याच्या पावलांच्या आवाजावरून आज किती झालीय ते तिला जिन्यातच कळतं म्हणे. सगळे म्हणाले, "ऐकलं." मी मनात म्हटलं, अहो, नुसतं ऐकून काय होणार? त्या नवऱ्याला धरून आणा की!

नर्सबाईंना उकाड्याचा त्रास दिसतो. मी बसल्यावर लगेच उठून माझ्या शेजारची खिडकी उघडली.

२४ सप्टेंबर, बुधवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून पुन्हा एक कवळी परत आली. पेशंटला चावताना डावीकडे उंच लागते. म्हटलं, पेशंटचा जबडाच वाकडा असेल. फोनवर बाई हळू म्हणाल्या, "तुमचं काम असं नव्हतं हो." नव्हतं म्हणजे? मी काय कालपासून कवळ्या करतोय? पूर्वीचं मेण आणि आताचं मेण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ते त्यांना कोण सांगणार? पुढच्या महिन्यातलं काम त्या दुसरीकडे देणार आहेत, "फक्त थोडे दिवस". द्या.

हात सकाळी जरा हलतो. थोडी घेतली की स्थिर होतो, म्हणजे अशक्तपणाच असणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल गेलो होतो. नर्सबाईंनी आल्या आल्या खिडकी उघडली. मेहुणा समोरच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा हसत होता. मला बघून थांबला. त्याला गेल्या आठवड्यापासून नीट भूक लागते. आज त्याने स्वतः ओटा पुसला, आणि मला विचारलं, "भावोजी, तुम्ही जेवलात का?" मीच त्याला विचारायचो हे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी बोललो. इतके दिवस मूग गिळून बसलो होतो, शेवटी राहवलं नाही. या बायकांना पिणाऱ्यांच्या युक्त्या ठाऊकच नाहीत. म्हटलं, आपल्याबद्दल बोला वगैरे ठीक आहे, पण थोडी उपयोगाची माहितीही मिळू द्या.

सांगितलं की मेहुण्यासारखा माणूस रोज एकाच दुकानातून घेत नाही, फिरतं ठेवतो. पाण्याच्या स्टीलच्या बाटलीत भरून ठेवली की कुणाच्या बापाला कळत नाही. कुणाशी बोलताना तोंड थोडं बाजूला ठेवतो, काहीतरी शोधत असल्यासारखं. महत्त्वाचे फोन दुपारच्या आत उरकतो, पुढे जीभ जड होते. आणि रिकामी बाटली आपल्या कचऱ्यात टाकत नाही, जाता जाता दुसऱ्या गल्लीत टाकतो. बोलता बोलता चांगलाच रंगलो. संपलं तेव्हा चपलांच्या दुकानवालीने नर्सबाईंकडे पाहिलं. मग एकेक करत म्हणाले, "ऐकलं." एकदम म्हणायचं असतं ते.

पॅसेजमध्ये नर्सबाई म्हणाल्या, "तुम्हाला अगदी बारीकसारीक माहीत आहे." म्हटलं, एका घरात राहिलं की कळतं. त्या म्हणाल्या, "हो, एका घरात राहिलं की कळतं." जरा विचित्रच बाई आहे.

वाटेत मेहुण्याला सांगितलं की आज तुझ्यावर बोललो. काय बोललो तेही सांगितलं, लपवायचं कशाला. तो रस्त्यातच थांबला. "भावोजी, मी स्टीलची बाटली कधी वापरली?" म्हटलं, असेल रे, उदाहरणादाखल घेतली. तो हसला. मग हसायचा थांबला आणि घरापर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिला. मनाला लावून घेतलं असेल. घेऊ दे, सुधारायचं तर थोडं लागणारच.

१२ ऑक्टोबर, रविवार

मुलीला सकाळीच फोन केला. आनंदाची बातमी होती. म्हटलं, तुझा मामा थेंबाला शिवलेला नाही, कंपनीने पुढच्या आठवड्यात कामावर बोलावलंय. आता भिंगरीला पाठव. तिच्यासाठी मेण बाजूला काढून ठेवलंय, गुलाबी.

ती म्हणाली, "मामाचं बरं झालं. आणि तुम्ही?" म्हटलं, मी न चुकता जातो, मामाला विचार. एक गुरुवार चुकवला नाही.

"कुठे बसता तिथे?"

म्हटलं, घरच्यांच्या खोलीत. दुसरीकडे कुठे बसणार?

मला वाटलं फोन कट झाला. हॅलो हॅलो केलं. मग ती म्हणाली, "बाबा, मीटिंग किती वाजता असते?" मी वेळ सांगितली. म्हटलं, तू कशाला? मामा आता रुळावर आलाय. पण भिंगरीचं काय? "बघू," म्हणाली आणि ठेवला.

नुसतं बघू, बघू. मामाला सुधारून दाखवला तरी ही बघूच म्हणणार. राग आला. दुपारी कामाला हात लावला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कालचं लिहितोय. अक्षर खराब येणार आहे, त्याला इलाज नाही.

काल मुलगी आली. आम्ही सगळे बसलो होतो, खिडकी उघडली गेली होती आणि ती दारात उभी. मी हात करून शेजारची खुर्ची दाखवली. ती तिथे न बसता बरोबर माझ्यासमोर बसली. वाटलं, मामासाठी आली, पोर मायाळू आहे. चपलांच्या दुकानवालीला मी कौतुकाने सांगितलंसुद्धा, माझी मुलगी.

नर्सबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही. ती म्हणाली, "बोलते. मी माझ्या वडिलांसाठी आले आहे."

मी खुर्चीत हललो असेन. ती माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या रुमालाकडे बघत बोलत होती. जसं बोलली तसं लिहितो, नाहीतर उद्या मी ते फिरवून लिहीन, माझा भरवसा नाही.

"जुलै महिन्यात मी एकदा ऑफिसातून लवकर निघाले. बाबांच्या घरी गेले तर माझी मुलगी दाराजवळच्या स्टुलावर बसलेली. पायात बूट, पाठीला दप्तर. म्हणाली, आई, आवाज करू नकोस, आजोबा झोपलेत. बाबा खाली फरशीवर पडले होते. तिने त्यांच्या अंगावर चादर घातली होती. मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा जळत राहिला होता, तो तिनेच झाकण ठेवून विझवला. दोन बोटं भाजली होती. ती बोटं प्लास्टरच्या घमेल्यातल्या पाण्यात बुडवून ती तशीच स्टुलावर बसली होती, कितीतरी वेळ. मला म्हणाली, आजोबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. आणि मी सांगितलं नाही. पाळणाघर सोयीचं पडतं म्हणाले. सहा वर्षांच्या मुलीने जे केलं तेच मीही केलं. दुपार झाली की मी बाबांचा फोन उचलत नाही, मला त्यांच्या आवाजाची भीती वाटते. मला त्यांची चीड येते आणि त्यांचा कामाचा कोट दोरीवर वाळताना आठवला तरी रडू येतं. सरळ बोलायची हिंमत झाली नाही. मामा म्हणाला, माझं नाव पुढे कर. मला न्यायला म्हणून तरी भावोजी तिथे पोचतील. ते पोचले, आणि इथे येऊन बसले. बस्स, एवढंच."

सगळे म्हणाले, "ऐकलं."

मीही म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं. माझा आवाज इतरांच्या आवाजात मला स्वतःला ऐकू आला.

ती दुपार मला आठवत नाही. डोळा लागला होता, एवढंच आठवतं. बोटांचं मला माहीत नव्हतं. त्यानंतर एकदा भिंगरीच्या हाताला पट्टी पाहिली होती, विचारलं तर म्हणाली होती, शाळेत पडले. मी म्हटलं होतं, जपून खेळावं गं.

नर्सबाईंनी पुढे बोलायला कुणाचंच नाव घेतलं नाही. मी उठलो. एवढंच म्हटलं की मी समोर जातो. कालही निघण्यापूर्वी घेतलेली होती. तसाच पॅसेज ओलांडला. रंगाऱ्याने काही न विचारता उजवीकडचं दार उघडून धरलं. लाज वाटली. फार लाज वाटली.

आत मेहुणा भिंतीकडेला बसला होता. शेजारच्या खुर्चीवर त्याची पिशवी होती, ती त्याने उचलून मांडीवर घेतली. बसलो. हळूच विचारलं, आज मी येणार हे तिने तुला सांगितलं होतं का? म्हणाला, "नाही. दर गुरुवारी ठेवतो."

माझी पाळी आली. मी म्हटलं, मी दातांच्या कवळ्या करतो.   मग म्हटलं, मेहुण्याबद्दल मी त्या खोलीत जे जे सांगितलं ते सगळं माझं आहे. मी तिकडे काय सांगितलं ते इथल्यांना ठाऊक नव्हतं, तरी म्हणाले, "ऐकलं."

जिन्याखाली मुलगी थांबली होती. डोळे सुजलेले. मेहुणा पुढे जाऊन बुटाची नाडी बांधत बसला, सुटलेली नसताना. आम्ही दोघं उभे. भिंगरीला कधी पाठवतेस, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

तीच म्हणाली, "रोज विचारते, आजोबांकडे का जायचं नाही. मी सांगते, आजोबांना बरं नाही."

म्हटलं, आता खरं सांग. सांग की आजोबा दारू पितात. सोडायला म्हणून जातात, पण अजून सुटलेली नाही. एवढं सगळं सांग. लहान आहे, पण समजावून सांगितलंस तर कळेल तिला.

"बाबा," ती म्हणाली, "तिला माहीत आहे."

मग तिची बस आली आणि ती गेली. मी आणि मेहुणा पायीच घरी आलो.